रांगेच्या तोंडाशी उभी असलेली पाटी

मित्रांनो, निकालपत्रावर तुम्ही जो शब्द सर्वांत आधी शोधता, तोच शब्द अंगावर घेऊन उभी असलेली मी एक जुनी लोखंडी पाटी आहे. हॅदरशॉ स्टेशनाबाहेर, टॅक्सींच्या रांगेच्या तोंडाशी माझा खांब आहे आणि माझ्यावर लिहिलं आहे, 'रँक'. इकडे टॅक्सींच्या थांब्याला असंच म्हणतात.

रंगाऱ्याने मला रंगवलं तेव्हा मी फार फुशारले होते. पण एकदा एक निवृत्त मास्तर गाडीत बसता बसता नातीला म्हणाले, "रँक म्हणजे मुळात नुसती रांग गं. जुन्या फ्रेंचांकडून आला हा शब्द. आधी सैनिकांची ओळ, मग ओळीतली जागा, मग मान. आणि हुबेहूब असाच दिसणारा, पण वेगळ्या घराण्यातला आणखी एक शब्द आहे. तो आधी 'ताठ' होता, मग 'माजलेला' झाला, आणि आता 'कुबट'." त्या दिवसापासून मी स्वतःकडेसुद्धा संशयानेच बघते. माझ्यावर नक्की कोणता शब्द लिहिलाय, कोण जाणे!

इथला नियम साधा आहे. पुढच्या गाडीने समोर येईल ते गिऱ्हाईक घ्यायचं, मग ते लांबचं असो की कोपऱ्यावरचं. परत आलं की शेपटाला उभं राहायचं.

नॉरिस हा आमच्या रांगेतला सर्वांत म्हातारा टॅक्सीवाला. दर गुरुवारी तो दुपारची चांगली गिऱ्हाइकं मागच्यांना देऊन टाकायचा, आणि चार दहाच्या आगगाडीला बरोबर पुढे उभा असायचा. त्या गाडीने मिसेस पार्टिंग्टन यायच्या. शहरातल्या इस्पितळातून पायाचं ड्रेसिंग करून आलेल्या या बाईंना फक्त चढावरच्या चर्चपर्यंत जायचं असे.

"एवढ्याशा फेरीसाठी कोणी दुपार घालवतं का?" क्लिफर्ड इतरांना म्हणाला. "बाईला मूलबाळ नाही. घर मात्र स्वतःचं आहे. म्हाताऱ्याचा डोळा त्या घरावर आहे, लिहून ठेवा!"

मलाही ते पटलं. खोटं कशाला सांगू? सर्वांनी मिळून ठरवलं, गुरुवारी नॉरिसने शेपटालाच थांबायचं. तो मान हलवून गाडीची काच पुसायला लागला. वाद घालत नाही म्हणजे चोर आहे, असंच मी धरून चालले.

त्या गुरुवारी क्लिफर्ड पुढे होता. लांबच्या गिऱ्हाइकाच्या आशेने तासभर ताटकळलेला. बाई काठी टेकत येताना दिसल्या, तसं त्याने बॉनेट उघडलं.

"बंद पडलीय हो, बाई."

"तुझी गाडी मला बघूनच बंद पडते रे दर वेळी!" त्या म्हणाल्या.

मागच्याने सँडविच तोंडात कोंबलं. तिसऱ्याने डोळे मिटून घेतले. बँडेज बांधलेला पाय ओढत बाई अख्खी रांग चालत गेल्या, आणि शेवटी नॉरिसने दार उघडलं.

"आज तुम्ही इतके मागे कसे? माझ्यामुळे काही झालं का?"

"छे हो. आज माझी पाळीच इथे आहे. सावकाश बसा, पाय सांभाळा."

माझ्या डोळ्यांदेखत पूर्वीही असंच घडलं होतं. नॉरिस पुढे थांबायला लागण्याआधी दर गुरुवारी घडत होतं. मी ते पाहिलं होतं आणि विसरले होते. मला माझीच लाज वाटली.

पुढच्या गुरुवारी पावणेचारला नॉरिस शेपटाला गाडी लावून चहाला गेला. क्लिफर्डने इंजिन सुरू केलं, वळसा घेतला आणि तो नॉरिसच्या मागे जाऊन थांबला. आता हा कसला नवा डाव, म्हणून मी डोळे बारीक केले. मग दुसरा गेला. मग तिसरा. एकेक करून सगळे मागे गेले, आणि नॉरिसची गाडी तिथल्या तिथेच पहिली झाली.

नॉरिस चहा पिऊन बाहेर आला आणि बघतच राहिला.

"बघतोस काय, म्हाताऱ्या?" क्लिफर्ड खेकसला. "गाडी पुढे घे! बाईंना एवढं चालायला लावणार आहेस का?"

मित्रांनो, मला पुन्हा रंग दिलात तर उपकार होतील, अक्षरं पुसट झाली आहेत. पण त्याआधी एवढं करा. तुमच्या वर्गात कोणी पुढची जागा धरून बसलं, तर तो कोणासाठी बसलाय ते आधी बघा. मी बघितलं नव्हतं.