सोवळ्याचे पिंप

"काका, ते धुराचं मशीन कधी येतंय?"

स्वतःच्या दारात उभे राहून आल्हादने विचारले, तेव्हा दिवाकरराव त्याच्याच कुंडीखालची ताटली उचलून तिच्यातले पाणी झाडाच्या मुळाशी ओतत होते.

"धुरानं उडणारे मरतात. या ताटलीतले उद्या उडतील, त्यांचं काय?"

"ते बरोबरच आहे हो. पण धूर आला की कसं, काहीतरी झालंय असं वाटतं."

दिवाकररावांनी ताटली पालथी घातली आणि कठड्याला धरून ते उठले. ही ताटली त्यांनी गेल्या आठवड्यातही पालथी घातली होती. कुणीतरी ती पुन्हा सुलटी केली होती, अगदी प्रेमाने, फरशी ओली होऊ नये म्हणून. पाटबंधारे खात्यात त्यांचे आयुष्य धरणांचे पाणी घनफुटांत मांडण्यात गेले. आता इंदिरानगरातल्या या चार मजली इमारतीचे सेक्रेटरी म्हणून ते चमचा चमचा पाण्याच्या मागे हिंडत होते. आणि धरणाने कधी दिली नव्हती एवढी हुलकावणी त्यांना हे चमचे देत होते.

खाली, दुसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या घरात, मृण्मयी भर दुपारी मच्छरदाणीत पडली होती. मुलगा पुण्याला, नात कॉलेजसाठी आजी-आजोबांकडे. तिचा ताप डेंग्यूचा निघाला होता. इस्पितळात ठेवायची अजून गरज नाही, असे डॉक्टर म्हणाले; पण दिवसाही मच्छरदाणी सोडू नका, तिला चावलेला डास घरातल्या दुसऱ्याला आजार देईल, असेही त्यांनी बजावले. आणि हिलाच पुन्हा कधी झाला तर तो याहून जड जाऊ शकतो. दिवाकररावांनी ते वाक्य बायकोला, कुसुमताईंना सांगितले नव्हते. ते एकटेच ते घेऊन जिने चढत-उतरत होते.

चारच्या सुमारास महापालिकेच्या लताबाई आल्या. मूळच्या कळवणकडच्या, मलेरिया विभागात बरीच वर्षे घरोघर पाणी तपासत फिरणाऱ्या. रुग्ण सापडलेल्या घराची पाहणी करायची होती. चपला दाराबाहेर काढून त्या आत आल्या, फ्रिजच्या मागची ताटली पाहिली, फुलदाणी पाहिली, न्हाणीघरातल्या बादल्या पाहिल्या. सगळे कोरडे, पालथे, घासलेले. दिवाकरराव त्यांच्या मागून पेपर सोपा गेलेल्या विद्यार्थ्यासारखे चालत होते.

"तुमच्या घरात काय सापडायचं नाय, बाबा," लताबाई म्हणाल्या. मग देवघराच्या कोपऱ्याशी थांबल्या. "ते पिंप?"

स्टीलचे पिंप. त्यावर धूतवस्त्राचा तुकडा आणि वर जरा कलती झाकणी. लताबाईंचा हात तिकडे गेला.

"त्याला शिवू नकोस, बाई," कुसुमताई म्हणाल्या. झोपलेल्या बाळाबद्दल सांगावे तसा त्यांचा स्वर होता. "देवाचं पाणी आहे. सोवळ्यात भरलेलं. यांनाही मी हात लावू देत नाही."

लताबाईंनी हात मागे घेतला, सवय असल्यासारखा. त्या मागे गेलेल्या हाताची लाज दिवाकररावांना वाटली, आणि लाजेहून अधिक कंटाळा. चाळीसहून अधिक वर्षांचा, तळाशी साचलेला.

"नाय लावत, आजी. पर बघावं तर लागंल," लताबाई म्हणाल्या. "घरात पेशंट हाय."

त्या पिंपाचा जन्मही दिवाकररावांच्याच हातून झाला होता. दोन वर्षांपूर्वी त्यांनी मोठ्या उत्साहाने इमारतीच्या टाकीत गप्पी मासे सोडले. मासे अळ्या खातात. सगळ्या सोसायटीने टाळ्या वाजवल्या. कुसुमताईंनी त्या रात्री जेवताना एवढेच विचारले, की ज्या पाण्यात मासे पोहतात ते देवाला कसे चालेल. दुसऱ्या दिवसापासून त्या स्नान करून ओलेत्याने खाली जाऊ लागल्या. पार्किंगमधल्या नळाला महापालिकेचे पाणी टाकीत पडण्याआधीच यायचे. तिथून कळशी भरायची आणि वर आणायची. लिफ्टमध्ये कुणी शिवू नये म्हणून दिवाकरराव दार अडवून उभे राहत. पूर्वी, सासूबाई असताना, सोवळ्याचे पाणी रोजचे रोज भरले जाई, कालचे ओतून भांडे घासले जाई. शास्त्राने आपल्याही नकळत डासांचा बंदोबस्त केला होता. पण कुसुमताईंचे गुडघे शास्त्राला बांधील नव्हते. मग कळशीचे पिंप झाले, रोजचे आठवड्याचे झाले, आणि घासणे राहून जाऊ लागले.

"लताबाई, दहा मिनिटं बसा," दिवाकरराव म्हणाले आणि न्हाणीघरात शिरले.

पाण्याचा आवाज ऐकून मच्छरदाणीतून क्षीण आवाज आला, "आजोबा, आत्ता आंघोळ?"

"इन्स्पेक्शन आहे," आतून उत्तर गेले.

ओला पंचा नेसून ते बाहेर आले. अंगावर काटा होता. नळाचे पाणी गार होते, आणि या वयात या वेळी भिजायचे नाही हे त्यांना ठाऊक होते. कुसुमताई पुढे आल्या, काही बोलणार होत्या. पण बोलायला जागाच उरली नव्हती. नवरा सोवळ्यात होता.

त्यांनी झाकणी काढली, वस्त्र उचलले, पिंप खिडकीकडे कलते केले. पश्चिमेचे ऊन थेट तळापर्यंत उतरले. पृष्ठभागाला शेपटीने टांगलेल्या, डोके खाली घातलेल्या, बारीक अळ्या. कुणीतरी एक लांबलचक वाक्य खोडून त्यातले स्वल्पविराम तेवढे पाण्यात सोडून द्यावेत, तशा. भांडे हलताच त्या वळवळत खाली गेल्या.

"काय आहे?" कुसुमताईंनी विचारले.

त्यांनी पिंप हळूच सरळ केले.

"अहो, काय आहे?"

"अळ्या आहेत."

कुसुमताई वाकल्या. नाक पाण्याला टेकेल इतक्या वाकल्या. बराच वेळ तशाच राहिल्या.

"मला तर स्वच्छ दिसतंय," त्या म्हणाल्या.

मोतीबिंदूचे दिवाळीनंतर बघू, असे त्या म्हणत आल्या होत्या. कुठल्या दिवाळीनंतर, हे दिवाकररावांनी विचारायचे सोडून दिले होते. त्यांना वाटत होते, कुसुमला पोथीतली अक्षरे तेवढी दिसत नाहीत.

"मी रोज यानंच बाळकृष्णाला न्हाऊ घालतेय," त्या म्हणाल्या. आवाज सरळ होता. तोच ऐकवत नव्हता.

दारापाशी उभ्या लताबाई हळूच म्हणाल्या, "आजी, हा डास घाण पाण्यात जातच नाय. त्याला चांगलंच पाणी लागतं. म्हंजे तुमचं पाणी चांगलंच होतं बघा."

कुसुमताईंनी त्यांच्याकडे पाहिले, आणि त्यांच्या ओठांवर काहीतरी हसण्यासारखे येऊन गेले.

पाणी गटारात नको, कोरड्या मातीवर ओता, असे लताबाईंनी सांगितले. पिंप अर्धे भरलेले, जड. दिवाकररावांनी एक कडी धरली. लताबाई सवयीने पुढे झाल्या आणि सवयीनेच थांबल्या.

"धर, बाई," कुसुमताई म्हणाल्या. "आता कसलं सोवळं."

दिवाकररावांना ते बोचले. लताबाईंचा हात आता चालला, कारण पाणी देवाचे राहिले नव्हते.

खाली कंपाउंडच्या भिंतीलगत तापलेली माती होती. पाणी पसरले, क्षणभर चमकले आणि जिरले. ओल्या मातीवर काही बारीक हालचाल झाली, मग तीही थांबली. इतक्यात पार्किंगच्या पत्र्यावर टप्प आवाज झाला. दोघांनी वर पाहिले. चौथ्या मजल्यावरचा बंद फ्लॅट. मालक परदेशात, गॅलरीत पावसाने भरलेले उघडे ड्रम, आणि त्यांतून थेंब थेंब गळणारे पाणी.

"तिथं नोटीस चिकटवून आलेय," लताबाई म्हणाल्या. "मागल्या साली पण चिकटवली व्हती. कुलपाला काय वाचता येतंय?"

"पोरीला चावला तो कुठला, लताबाई? आमच्या पिंपातला की वरचा?"

"ते कोण सांगंल, बाबा."

आल्हाद गॅलरीत येऊन विचारत होता, धुराचं काही कळलं का.

सकाळी मृण्मयीचा ताप उतरला होता. उतरल्यावरच अधिक जपा, असे डॉक्टर म्हणाले होते. म्हणून दिवाकरराव मच्छरदाणीच्या कडा गादीखाली पुन्हा एकदा खोचत होते. पिंप गॅलरीत पालथे होते. देवघरात जिथे ते असे, तिथे फरशीवर एक फिकट वर्तुळ उरले होते.

कुसुमताई स्वयंपाकघरातून आल्या. हातात पंचपात्र, त्यात नळाचे, टाकीतले, माशांचे पाणी.

"अहो," त्या म्हणाल्या, "बघा जरा."

दिवाकररावांनी पंचपात्र खिडकीशी नेले. पाण्यात काहीच नव्हते. तळाच्या पितळेवर उजेड तेवढा हलत होता. तरी ते पाहत राहिले. मागे कुसुमताई देवासमोर बसल्या होत्या, बाळकृष्णाला एका हातात घेऊन, दुसरा हात पुढे करून, ते काय सांगतात याची वाट पाहत.