राठ केसांची टकली

दिवसभर दुकानात डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळे दुरुस्त करावीत आणि उरलेल्या आयुष्यात एकच गोष्ट साधावी, एवढीच त्या घड्याळजींची इच्छा होती. लांब देहाच्या, आखूड पायांच्या, म्हाताऱ्या पंतोजींसारख्या दाढीमिशा असलेल्या राठ केसांच्या डॅशहंड कुत्र्यांचे त्यांना तरुणपणापासून वेड होते. आपल्या घरी जन्मलेल्या एखाद्या तरी पिल्लाच्या अंगावर तो केस यावा, जो बोटांना तारेसारखा लागतो आणि डोळ्यांना रानडुकराच्या पाठीसारखा दिसतो, याची ते एखाद्या व्रतस्थाच्या निष्ठेने वाट पाहत होते. रानडुकरी हा एक रंग नव्हेच, असे ते येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगत. प्रत्येक केस मुळाशी फिकट, मध्ये तांबूस, टोकाला काळा. असे असंख्य केस अंगालगत दाट बसले, की कुत्रे चालताना त्याच्या पाठीवरून ऊन आणि सावली एकदमच सरकल्याचा भास होतो. ऐकणारा मान डोलवी आणि आपले घड्याळ कधी मिळेल ते विचारी.

त्यांच्या कुत्रीला शेवटची चार पिल्ले झाली, तेव्हा ती थकली होती आणि घड्याळजीही. दोन पिल्ले ओळखीच्या घरी गेली. उरलेल्या दोहोंपैकी नराच्या अंगावर भरगच्च जावळ होते. भुवया इतक्या झुबकेदार, की डोळे शोधावे लागत. त्याचे नाव गोंडा पडले. मादीच्या अंगावर मात्र आखूड, चपटे केस, आणि हनुवटीला चारदोन ताठ तंतू, एखाद्या पोराने शाईने ओढावेत तसे.

त्याच सुमारास त्यांचा मेव्हणा, शाळेची बस चालवणारा, बहिणीला भेटायला आला. हा गृहस्थ कुठेही गेला तरी आपल्यासोबत थोडा गोंगाट घेऊन जात असे.

"दाजी, एक पिल्लू मला द्या की," तो म्हणाला. "बसमधली पोरं खूश होतील."

"अहो, तो झुबकेवाला द्या त्याला," पत्नी आतून म्हणाली. "कधी नव्हे ते काही मागतोय."

"त्याला काय फरक पडतो?" घड्याळजी म्हणाले. "चार पाय मोजून दिले की झालं." आणि त्यांनी मादी उचलून मेव्हण्याच्या ओंजळीत ठेवली. "ही ने. अंगावर विशेष काही येणार नाही हिच्या, पण गुणी आहे."

"म्हणजे टकली!" मेव्हणा आनंदाने म्हणाला, आणि तेच नाव कायम झाले.

ज्याचे जावळ अति दाट, त्याचा केस पुढे मऊ पडण्याचा संभव अधिक, आणि जे पिल्लू लहानपणी उघडेबोडके दिसते त्याच्यातच पुष्कळदा खरा राठ केस दडलेला असतो, हे घड्याळजींना ठाऊक नव्हते असे नाही. इतरांना त्यांनी ते कितीदा तरी सांगितले होते. परंतु गोंड्याचे गोंडस मुख समोर असताना त्यांच्या ज्ञानाने मान खाली घातली आणि मोह पुढे झाला.

दोन वर्षांत काळाने आपला निवाडा दिला. गोंडा वाढला तसा त्याचा केस कापसासारखा पिंजत गेला, आणि रंग अनेकदा धुतलेल्या गोणपाटाचा झाला. तो स्वभावाने इतका लाघवी होता, की त्याच्यावर रागावण्याचीही सोय नव्हती. आणि तिकडे, चार गल्ल्या पलीकडे, बसच्या आसनाखाली झोपणाऱ्या, पोरांच्या डब्यांतले उष्टे खाणाऱ्या, पाठीला कधीमधी वंगणाचा डाग मिरवणाऱ्या टकलीच्या अंगावर तो केस आला.

पहिल्यांदा त्यांच्या हाताला तो लागला, तेव्हा घड्याळजी मेव्हण्याच्या दारात बोलता बोलता थांबले. त्यांनी तळहात पुन्हा फिरवला. प्रत्येक केस दबला आणि ताठ होऊन जागच्या जागी बसला. मुळाशी फिकट, मध्ये तांबूस, टोकाला काळा.

"काय हो दाजी, गोचीड आहे का?" मेव्हण्याने विचारले.

"नाही," ते म्हणाले. "काही नाही."

त्या दिवसापासून त्यांच्या पोटात जे दुखू लागले, त्यावर औषध नव्हते. टकली मेव्हण्याकडे आहे, हे दुःख त्या मानाने लहान होते. मेव्हण्याने त्यासाठी काहीच केले नव्हते, हे मोठे होते. त्याने ना वंश पाहिला, ना खाण्यापिण्याचा विचार केला, ना कधी त्या केसांवरून कंगवा फिरवला. तो नुसता शीळ घालत राहिला आणि तपश्चर्येचे फळ त्याच्या अंगणात पडले. रस्त्यात लोक टकलीला पाहून थांबत, तेव्हा तो म्हणे, "अहो, ही आमच्या दाजींनी टाकाऊ म्हणून दिलेली!" आणि सगळे हसत. पत्नीही हसे. घरी तिला तसे हसताना घड्याळजींनी फारसे पाहिले नव्हते, हेही त्यांना आता उगाचच आठवू लागले. त्यांनी मेव्हण्याकडे जाणे सोडले. दुकानात काम फार आहे, असे ते सांगत.

मग प्रदर्शनाची बातमी आली. शहरात कुत्र्यांचे मोठे प्रदर्शन भरणार होते, आणि या जातीच्या परीक्षक म्हणून ज्या वृद्ध बाई येणार होत्या, त्या डोळ्यांपेक्षा हातावर अधिक विश्वास ठेवतात अशी त्यांची ख्याती होती. दोन महिने आधीच मेव्हणा टकलीला काखेत मारून दारात उभा राहिला.

"दाजी, पोरांनी माझ्या मागं टुमणं लावलंय, हिचं नाव घालाच म्हणून. घातलं. आता हिचे केस काय ते तुम्ही करा. माझ्या हातांना स्टेअरिंग सोडून काही कळत नाही."

"मी?"

"मग काय न्हाव्याकडे नेऊ? ताई, चहा टाक गं!"

या कुत्र्यांचा केस कापायचा नसतो. पिकलेला केस अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरून, बोटांना थोडा खडू चोळून, ज्या दिशेने तो वाढला त्याच दिशेने उपटायचा असतो. पिकलेला असल्याने तो सहज निघतो आणि जनावराला दुखत नाही; त्याच्या जागी नवा येतो, तितकाच राठ, तितकाच रंगदार. यंत्राने कापला तर टोकाचा काळा रंग जातो, बुडखे मात्र त्वचेत राहतात, आणि पुढे जे वाढते ते भुरकट आणि मऊ असते. अजाण माणसाला दोन्हींत काही फरक दिसत नाही; उलट कापलेले अंग आधी अधिक नीटनेटके वाटते.

घड्याळजींनी खिडकीपाशी टेबल ओढले, त्यावर टकलीला उभे केले, आणि प्रामाणिकपणे कामाला आरंभ केला. खांद्यापासून चिमट्या निघू लागल्या. टकलीने जांभई दिली. एक केस त्यांनी सवयीने भिंगाखाली धरला, आणि त्यातले रंगांचे पट्टे इतके रेखीव होते, की त्यांचे डोळे भरून आले. जे साधावे म्हणून उभा जन्म घालवला, ते साधले होते. आपल्याच घरात साधले होते. आणि आपण ते आपल्या हातांनी ओंजळीत ठेवून देऊन टाकले होते.

स्वयंपाकघरातून मेव्हण्याचा आवाज येत होता. "... तर तो कारकून विचारतो, कुत्रीचं नाव? म्हटलं, टकली. तो हिच्याकडे बघतो, माझ्या टकलाकडे बघतो, म्हणतो, साहेब, कुत्रीचं विचारतोय, तुमचं नाही!" पत्नीचे हसू भांड्यांच्या आवाजावर चढले. मग मेव्हण्याने दारातून डोके आत घातले.

"चालू द्या दाजी. पहिला नंबर आला तर चषक तुमच्या दुकानात ठेवू. तेवढीच घड्याळांना सोबत!"

त्याने हे प्रेमाने म्हटले होते. पण मत्सराच्या कानात प्रेमही टोमण्याचे रूप घेऊन शिरते. मेव्हणा आत गेला. घड्याळजींनी दार लोटले, कपाटातले केस कापायचे यंत्र काढले, आणि ते टकलीच्या पाठीवर टेकवले.

संध्याकाळी मेव्हण्याने तिला पाहून टाळी वाजवली. "अगं टकले, शाळेत घालायला हरकत नाही तुला! दाजी, हातात जादू आहे तुमच्या." घड्याळजी केर भरत होते. त्यांनी वर पाहिले नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी सगळे शाळेच्या बसनेच गेले. मैदानावर मांडवाखाली टेबले लागली होती. परीक्षक बाई सावकाश एकेका कुत्र्यापाशी येत, दोन शब्द बोलत, हात फिरवत आणि पुढे जात. टकलीच्या पाठीवर त्यांचा हात फिरला आणि अडला.

"हिला मशीन कुणी लावलं?"

"ते मशीनबिशीन मला माहीत नाही बाई," मेव्हणा म्हणाला, "पण केलंय सगळं आमच्या दाजींनी. या कामात त्यांच्यासारखा माणूस मिळायचा नाही. दाजी, या ना पुढं! लाजता काय नवरदेवासारखे?"

लोकांनी वाट दिली. घड्याळजींना पुढे यावेच लागले. बाईंनी टकलीचा गळपट्टा सोडला. त्याखाली मानेभोवती बोटभर रुंदीचे कडे तसेच राहिले होते. तिथवर यंत्र गेले नव्हते. ते केस बाईंनी चिमटीत धरले, सोडले, पुन्हा धरले. त्यांच्या मुद्रेवर एखाद्या देवळात शिरल्यासारखा भाव आला.

"असा केस फार वर्षांनी हाताला लागतोय. कुणाच्या घरची ही?"

"तीसुद्धा त्यांच्याच घरची!" मेव्हणा छाती फुगवून म्हणाला. "जन्मापासून."

बाईंनी घड्याळजींकडे पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता. असता तर सोसवला असता.

"तुमच्याच घरची," त्या हळू म्हणाल्या, "आणि तुम्हीच?" मग त्यांनी गळपट्टा पुन्हा नीट बांधला. "मला जे हाताला लागतं, त्यालाच गुण द्यावे लागतात हो." आणि त्या पुढच्या टेबलाकडे वळल्या.

परतताना बसमध्ये सगळे लहान मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. मेव्हणा गाडी चालवता चालवता दाजींचीच बाजू लढवत होता.

"नंबर नाही तर नाही, गेला उडत. पण चारचौघांत तुम्हाला असं विचारायचं? मशीन लावलं म्हणे!"

"लावलं," घड्याळजी म्हणाले.

"हां, मग लावलं असेल. तुम्हाला योग्य वाटलं म्हणून लावलं."

"योग्य नव्हतं. मला ठाऊक होतं. मुद्दाम लावलं."

मेव्हणा खदखदून हसला. "ऐकलंस का ताई? दाजी म्हणतात मुद्दाम! आमच्या दाजींना झुरळ मारवत नाही." हसतच त्याने मागे हाक दिली. "ताई?" त्याने आरशात पाहिले. बहीण खिडकीबाहेर पाहत होती आणि तिचा पदर ओठांशी गेला होता.

मेव्हण्याने बस कडेला घेतली. इंजिन बंद झाल्यावर टकलीचे श्वास ऐकू येऊ लागले.

"का हो, दाजी?"

"ती माझ्याकडे असायला हवी होती."

"मग न्यायची होतीत की." त्याचा स्वर अजून समजुतीचाच होता. "पोरं रडली असती दोन दिवस. मी समजावलं असतं त्यांना." तो स्टेअरिंगकडे पाहत राहिला. मग त्याचा आवाज बदलला. घड्याळजींनी तो पूर्वी कधी ऐकला नव्हता. "आता नाही देत."

"देऊ नकोस. पण तो केस परत आणता येतो. बुडखे थोडे थोडे उपटत राहावे लागतात, महिनोन् महिने. मी करतो सगळं."

"तुम्ही हात लावायचा नाही तिला."

"मग तुला शिकवतो."

"ताईला शिकवा," मेव्हणा म्हणाला आणि त्याने बस सुरू केली. "ती करील."

मग घड्याळजींनी गोंड्याला टेबलावर घेऊन पत्नीला शिकवले. चिमूट कशी धरावी, खडू किती घ्यावा, ओढ मनगटातून नव्हे तर दंडातून कशी यावी. मऊ केस बोटांतून निसटे, गोंडा तिचे हात चाटे, आणि ती वैतागून म्हणे, "अहो, हे काम म्हणायचं की शिक्षा?" पण तिचा हात बसला. ती दर आठवड्याला भावाकडे जाऊ लागली, आणि तिथून हसण्याचे उरलेसुरले सूर ओठांवर घेऊन परत येऊ लागली.

एकदा ती आली तेव्हा घड्याळजी दुकान लवकर बंद करून दाराशीच बसले होते.

"येतायत का?" त्यांनी विचारले.

"आले खांद्यावर. मानेकडूनही येतायत."

"रंग?"

"तुम्ही म्हणता तसाच. टोकाला काळा."

"आणि लागतात कसे? बोटांना कसे लागतात, ते सांग ना."

ती विचारात पडली. तिने अंगठा तर्जनीवर फिरवून पाहिला, तो स्पर्श पुन्हा आठवावा तसा, आणि आपल्याशीच किंचित हसली.

"अहो, ते सांगून कसं कळणार?" ती म्हणाली, आणि खडूने पांढरी झालेली बोटे पदराला पुसत आत गेली. घड्याळजी त्या बोटांकडे पाहत राहिले. मेव्हण्याकडे पाहतानाही त्यांच्या पोटात इतके दुखले नव्हते.