वेदरबी हॉलचा गोड शेवट

बुइटनव्हेल्डर्ट या डच वस्तीतल्या मराठी मंडळात दर दिवाळीला एक थीम असते, आणि ती नाटकावरून नव्हे, कपड्यांवरून ठरते. मागच्या वर्षी पेशवाई झाली. नऊवाऱ्या नेसून झाल्या, नथी घालून झाल्या, फोटोही जुने झाले. या वर्षी बायकांना गाऊन हवे होते. म्हणून राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं एक इंग्लिश उमराव घराणं स्टेजवर आणायचं ठरलं, आणि नाटक लिहिणार कोण, तर वृंदा. कारण गाऊनही तीच शिवणार होती.

वृंदा राहते बाडहूव्हडॉर्पला, विमानं डोक्यावरून जातात तिथे. नवरा जयप्रकाश विमानतळावर कार्गोच्या शिफ्ट सांभाळतो. ती डिपेंडंट व्हिसावर आली, चार वर्षं घरात बसून कंटाळली, मग शिलाई मशीन घेतलं आणि ब्लाउज शिवू लागली. आता टिलबर्गपर्यंतच्या मराठी बायका तिच्याकडे ब्लाउज टाकतात. मंडळाच्या अध्यक्ष सुनेत्राताई तिचं पहिलं गिऱ्हाईक. बाकीच्या सगळ्या त्यांनीच आणल्या. हे त्या विसरत नाहीत, आणि दुसऱ्याला विसरू देत नाहीत.

नाटकातल्या हवेलीचं नाव वेदरबी हॉल. लॉर्ड वेदरबी कायम शिकारीला, मुलगा जुगाराला, आणि घराण्याची अब्रू सांभाळायला एकट्या लेडी वेदरबी. शिवाय तीस वर्षं त्या घरात राबलेली मोलकरीण, मार्था. एक दिवस लेडीसाहेबांचा हिऱ्यांचा ब्रोच नाहीसा होतो. तो आपल्याच मुलाने जुगारात घालवला, हे लेडीला कळतं. पण घरात बड्या पाहुण्यांची मेजवानी, मुलाचं लग्न जमायच्या बेतात. तेव्हा ती मार्थाला सांगते, चोरी तू कबूल कर, मी चारचौघांत तुला माफ करीन. मार्था कबूल करत नाही. ॲप्रन काढून टेबलावर ठेवते आणि ज्या पुढच्या दाराने नोकरांना जायला मनाई असते, त्याच दाराने भर मेजवानीतून निघून जाते. पडदा.

मंडळाला वाटलं, हिने कुठेतरी वाचलं असेल. वाचलं कुठेच नव्हतं. वृंदाची आई पुण्यात एरंडवण्यातल्या एका बंगल्यात पोळ्या लाटायला जायची. तिथल्या बाईंच्या मोत्यांच्या कुड्या गेल्या. त्या घरातल्याच कुणी नेल्या, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तरी आईने हात जोडले आणि "चुकलं बाई" म्हणाली, कारण आजूबाजूची चार कामं तिला त्याच बाईंच्या शब्दावर मिळाली होती. नऊ वर्षांची वृंदा शेजारी उभी राहून बघत होती. त्यानंतर आई आणखी अकरा वर्षं तिथेच पोळ्या लाटत राहिली आणि मागच्या दाराने येत-जात राहिली.

हे वृंदाने जयप्रकाशलाही कधी सांगितलं नव्हतं. इंग्लंडचा झगा चढवला की आपली आई कुणाला ओळखू येणार नाही, असं तिने मनाशी धरलं होतं. मार्था ती स्वतःच करणार होती. मेलेल्या माणसासाठी दुसरं काय करता येतं? एकदा, दोनशे लोकांच्या देखत, आईला पुढच्या दाराने बाहेर न्यायचं होतं.

पहिली तालीम सुनेत्राताईंच्या घरी झाली. लेडी वेदरबी अर्थातच त्या होत्या. हे कुणी ठरवलं नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं.

"लिहिलंयस छानच गं," वाचन संपल्यावर त्या म्हणाल्या. "फक्त एंड थोडा हार्श वाटतो."

"हार्श म्हणजे?"

"अगं, दिवाळीचं नाटक आहे. मुलं येणार, स्पॉन्सर येणार. लोकांनी फराळ काय कडू तोंडाने करायचा? ज्याचा शेवट गोड, ते सारं गोड. मार्था गुडघे टेकते, सॉरी म्हणते, आणि लेडी तिला उठवून जवळ घेते. किती इमोशनल होईल बघ. तुलाही ॲक्टिंगला स्कोप."

"पण सुनेत्राताई, तिने काही केलेलंच नाही. ती निघून जाते म्हणून तर नाटक आहे."

"जाऊन जाऊन जाणार कुठे ती? प्रॅक्टिकल विचार कर ना."

ज्यांचे ब्लाउज वृंदाच्या मशीनवर पडले होते, त्या साऱ्या बायकांनी माना डोलावल्या. वृंदा "बघते" म्हणाली. आपल्याकडे "बघते"चा अर्थ समोरच्याने हवा तसा घ्यायचा असतो. सुनेत्राताईंनी होकार घेतला, आणि दुसऱ्या दिवशी ग्रुपवर निमंत्रण आलं. त्यावर लेखन म्हणून वृंदाचं नाव होतं, आणि त्याखाली दुप्पट मोठ्या अक्षरांत संस्करण म्हणून सुनेत्राताईंचं.

वृंदाने नवा शेवट पाठ केला. तालमीत गुडघे टेकले, माफी मागितली, डोळ्यांत पाणीही आणलं. सगळ्या म्हणाल्या, काय नॅचरल करतेस गं. ती घरी येऊन सुनेत्राताईंच्या जांभळ्या गाऊनला लेस लावत बसायची, आणि लेस लावता लावता तिचं ठरत गेलं. प्रयोगाच्या रविवारी मार्था गुडघे टेकणार नव्हती.

नाटक दुपारी तीनला, एका शाळेच्या हॉलमध्ये. पाचच्या ठोक्याला हॉल रिकामा करून द्यायचा होता. सेट उभारायला आइंडहोव्हनहून ओमकार आणि त्याचे इंजिनियर मित्र आले होते. ही मंडळी दिवसभर चिप बनवायची यंत्रं जुळवणारी. वेदरबी हॉलचं पुढचं दार त्यांनी असं बनवलं होतं की आत कुणी राहायला गेलं असतं. पितळी मूठ, कमान, वर घराण्याची ढाल. वृंदाने ते विंगेतून पाहिलं आणि तिला भरून आलं.

शेवटचा प्रवेश आला. सुनेत्राताईंनी हात पुढे केला. "कबूल कर, मार्था. या घराण्याची अब्रू तुझ्या हातात आहे."

वृंदाने ॲप्रनची गाठ सोडली. ॲप्रन घडी घालून टेबलावर ठेवला.

"ब्रोच मी घेतला नाही, बाईसाहेब. कुणी घेतला, ते तुम्हाला माहीत आहे."

सुनेत्राताईंचा चेहरा पडला, आणि तो अभिनय नव्हता. वृंदा वळली. मेजवानीच्या टेबलापाशी बसलेल्या साऱ्या गाऊनवाल्यांसमोरून ती ताठ मानेने चालत गेली, पितळी मूठ धरली आणि दार ढकललं.

दार हललं नाही.

तिने खांदा लावून जोर केला. वरची ढाल तिरकी झाली, अख्खी भिंत थरथरली. नव्या शेवटात त्या दाराने कुणीच जाणार नव्हतं. तेव्हा सेट डगमगू नये म्हणून ओमकारने सकाळी ते सहा स्क्रूंनी चौकटीला पक्कं करून टाकलं होतं. काम म्हटलं की हे लोक चोख करतात.

पहिल्या रांगेतली मुलं खिदळली. वृंदाने आणखी एकदा ढकललं. आणि तेवढ्यात मागून लेडी वेदरबींचा आवाज आला, सावरलेला, अगदी गोड.

"अगं मार्था, तुझं दार तिकडे. स्वयंपाकघरातून."

हॉल हशाने दणाणला. टाळ्या, शिट्ट्या, हसता हसता एकमेकांच्या खांद्यावर पडणारी माणसं. तिसऱ्या रांगेत जयप्रकाश डोळे पुसत हसत होता, त्याच्या मांडीवर बसलेली त्यांची मुलगी अपूर्वाही हसत होती. स्टेजवरून जायला दुसरी वाट नव्हती. वृंदा स्वयंपाकघराच्या बाजूने विंगेत गेली. आई अकरा वर्षं न चुकता मागच्या दाराने गेली होती, पण निदान इतक्या लोकांना हसवत गेली नव्हती. वृंदाला त्या क्षणी सुनेत्राताईंपेक्षा स्वतःचाच जास्त राग आला. आईला तिच्या जागी सुखाने राहू द्यायला हवं होतं.

ओमकार धावत आला. "सॉरी ताई, मला सांगितलं होतं हे दार युजमध्ये नाही."

"तुझी काय चूक," वृंदा म्हणाली.

गाडीत जयप्रकाश खुशीत होता. "शेवटी डायलॉग विसरलीस ना? होतं असं. पण सुनेत्रावहिनींनी काय सांभाळून घेतलं. हजरजबाबी बाई."

"ममा, why did you push the fake door?" मागून अपूर्वाने विचारलं.

वृंदाने मागे वळून तिचा सीटबेल्ट नीट केला. सांगायचं तर आईपासून सांगावं लागलं असतं.

घरी पोचेपर्यंत ग्रुपवर शंभर मेसेज होते. सुनेत्राताईंचे फोटो, सुनेत्राताईंचं टायमिंग. मधेच कुणीतरी लिहिलं होतं, 'वृंदाचं पाठांतर तेवढं कच्चं पडलं.' त्याला सतरा जणींनी अंगठे दिले होते, आणि त्या सतरातल्या बाराजणींचे ब्लाउज बाहेरच्या खोलीत कापून पडले होते.

"काहीतरी लिही गं," जयप्रकाश बूट काढत म्हणाला. "गप्प बसलीस तर बरं नाही दिसत. माणसं आपल्याला लागतात."

वृंदाने फोन हातात घेतला. मग कुणी समोर उभं राहून वदवून घ्यावं तसं एकेक अक्षर उमटत गेलं.

'चुकलं माझं. सुनेत्राताई, सांभाळून घेतलंत, आभारी आहे.'

लगेच उत्तर आलं. 'अगं वेडे, माफ केलं. पुढच्या वर्षी तू फक्त कपड्यांचं बघ.'