रविवारची टोपी

मी टोपी. प्रशांत महासागरातल्या टोंगारेवा बेटावरची, नारळाच्या कोवळ्या पात्यांची. सोलून, उकळून, उन्हात वाळवून पांढरीशुभ्र केलेली ती पाती मेरेआनाने महिनाभर बोटांत खेळवली आणि माझा जन्म झाला. मी तिची शेवटची टोपी. तिच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून मांसाचा पडदा वाढत वाढत बुबुळावर आला होता. पण मानी बाई, कुणापाशी बोलली नाही. माझ्या काठाच्या आतल्या बाजूला एक ओळ वाकडी गेली आहे. ती तिला दिसलीच नाही. वरून मी इतकी देखणी, की आत कोण बघतंय!

मेरेआना गेली आणि मी तिच्या लेकीकडे, अकाइतीकडे आले. तिने मला उशीच्या अभ्र्यात गुंडाळून पेटीत ठेवलं. दर रविवारी तेवढं मला चर्चमध्ये नेलं जाई. तिथे साऱ्या बायका आपापल्या पांढऱ्या टोप्या मिरवत बसायच्या, गळा मोकळा सोडून गायच्या. मिरवायला मलाही आवडायचं, खोटं कशाला बोलू? पण जन्म सावली द्यायला, आणि न्यायचं कुठे, तर छपराखाली!

सोमवार उजाडला की अकाइती डोक्याला फडकं बांधून खडकांवर शिंपले वेचायला निघायची. वर ऊन, खाली पाण्याचा चकचकाट, तोंडावर खारा वारा. डोळे चुरचुरले की तसल्याच चिखलाच्या हातांनी चोळायचे. आईसारखाच पडदा तिच्या डाव्या डोळ्यात सरकू लागला.

"या बारीक विणकामानेच डोळे गेले माझे," असं म्हणून एक दिवस तिने विणणंच सोडलं. चोर सोडून संन्याशाला फाशी! पोरवयापासून विणत आलेली ती बाई, हात मांडीवर ठेवून दारात नुसती बसून राहू लागली. घरात पात्यांची सळसळ थांबली. पेटीत मला ती शांतता सोसवेना.

शेवटी तिचा नवरा तांगी नर्स वाइनेला घरीच घेऊन आला. वाइनेने बॅटरी लावून डोळा नीट पाहिला.

"मावशी, विणकामाने डोळे थकतात, जात नाहीत. उजेडात बसा, अधूनमधून मान वर करून लांबच्या लाटा बघा, झालं. हे मांस वाढतंय ते उन्हाने आणि वाऱ्याने. अजून कडेलाच आहे. मध्ये आलं तर बोटीने रारोटोंगाच्या मोठ्या इस्पितळात जाऊन कापून घ्यावं लागेल. हा काळा चष्मा ठेवा. डोळे चोळायचे नाहीत, आणि हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावायचे नाहीत. रुंद काठाची टोपी आहे ना घरात?"

"आहे की. पण ती रविवारची."

"का? सूर्य काय फक्त रविवारी उगवतो?"

तांगी खो खो हसला. "आयुष्यभर टोप्या विणल्यास, सगळ्या बोटीने विकायला गेल्या. दिव्याखाली अंधार!"

"आईची शेवटची खूण आहे ती," अकाइती उसळून म्हणाली. "खाऱ्या पाण्याने वर्षभरात वाट लागेल तिची."

"मग काय, डोळ्यांची लागू दे?" तांगी म्हणाला. आता तो हसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी पेटी उघडली. वार होता बुधवार.

काय सांगू! टोपी झाल्यापासून पहिल्यांदा मी पोटभर ऊन अंगावर घेतलं आणि खाली तिच्या चेहऱ्यावर सावली धरली. मग रोजचंच झालं. घरी आल्यावर ती आधी टाकीच्या पाण्याने हात धुवायची, मग मला खुंटीला अडकवायची. मी पिवळी पडले, अंगाला मासळीचा वास लागला. रविवारी तशीच मला घालून ती चर्चला गेली, तेव्हा बायकांनी एकमेकींना कोपरं मारली. मला जरा वाईट वाटलं. अकाइती मात्र सगळ्यांच्या वरच्या पट्टीत गायली.

वर्षाने वाइनेने पुन्हा डोळा तपासला. पडदा होता तिथेच थांबला होता.

त्याच आठवड्यात वाऱ्याने माझा काठ फाडला. सकाळच्या उजेडात अकाइती दारात बसली, आणि सांधण्यासाठी तिने मला पहिल्यांदा उलटी केली. बोट फिरत फिरत त्या वाकड्या ओळीवर येऊन थांबलं. ती वाकून बघत राहिली.

"आई," ती हळूच म्हणाली, "तुला दिसत नव्हतं ना गं? सांगायचंस तरी."

डोळे भरून आले. पुसायला हात वर गेला आणि अर्ध्यावर थांबला. ती उठली, टाकीपाशी जाऊन हात स्वच्छ धुतले, आणि मग तिथेच उभी राहून पोटभर रडली.

परत येऊन तिने माझा फाटका काठ सांधला. वाकडी ओळ होती तशीच ठेवली. तिसऱ्या दिवशी घरात पुन्हा पात्यांची सळसळ सुरू झाली. दारात बसून ती नवी टोपी विणते आहे, मध्येच मान वर करून लांबच्या लाटा बघते आहे. ही टोपी विकायची नाही, असं तांगीला तिने बजावलं आहे.

माझे आता थोडेच दिवस उरलेत. पात्यांचा भुगा पडू लागलाय. पेटीत राहिले असते तर शंभर वर्षं टिकले असते, पण मग अकाइतीला ती ओळ दिसली नसती. तुमच्याही घरात अशी एखादी रविवारची टोपी असेल. काढा ती बाहेर, आज कुठलाही वार असो.