आपली गल्ली शेवटी

दुपारी चार वाजता नगरसेविकेने कठड्याचा विषय स्वतःहून मागे घेतला. उतारावरच्या गल्लीतल्या पायऱ्यांना लोखंडी कठडा बसवायचा होता. ती गल्ली तिच्या माहेरची.

"तिथे आजवर कुणी पडलेलं नाही," तिने समितीला सांगितलं. "आधी शाळेच्या रस्त्याला दिवे द्या. आमची गल्ली थांबेल."

अध्यक्षांनी मान डोलावली. 

आधीच्या नगरसेवकाने पहिलं डांबर स्वतःच्या दारात ओतलं होतं. म्हणून हिने भर सभेत शब्द दिला होता, आपली गल्ली शेवटी. तो शब्द सुचवला होता ताईने. आई गेल्यावर गल्लीच्या तोंडाशी शिवणाचं दुकान टाकून ताईने धाकटीला वाढवलं, शिकवलं. प्रचाराचे कापडी फलकही तिनेच शिवले आणि दारोदार फिरून चपला झिजवल्या. मागच्या महिन्यात ती न्हाणीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. कालच इस्पितळातून घरी आली होती.

संध्याकाळी नगरसेविका पायऱ्या चढू लागली. वळणावर इस्त्रीवाला शर्टाच्या बाह्या दाबत उभा होता.

"या मॅडम. झाला का कठडा मंजूर?"

"पुढच्या वर्षी बघू."

त्याने इस्त्री उभी ठेवली. "म्हणजे ताई वर्षभर वरच बसणार."

"न्हाणीत पडलेल्या माणसाला कठड्याचा काय उपयोग, दादा?"

तो कॉलर सारखी करत राहिला. मग हलकेच म्हणाला, "न्हाणीतून मी कुणाला उचललं नाही. उचललं ते इथून."

त्याने हनुवटीने समोरची पायरी दाखवली.

"त्यांनी शपथ घातली होती. बाहेर कळलं तर तुमच्या नावाला बट्टा लागेल म्हणाल्या. कठडा होणारच आहे, या भरवशावर मीही गप्प बसलो."

पायरीची कड तुटकी होती. लहानपणी दोघी बहिणी ती उडी मारून ओलांडायच्या. नगरसेविकेने चपलेच्या टोकाने कड चाचपली आणि आजही ती पायरी टाळूनच वर गेली.

ताई पलंगावर उशीला टेकून बसली होती.

"वाळलीस किती. गावाची कामं करतेस, स्वतःच्या पोटाचं बघतेस का काही?"

"ताई, तू पडलीस कुठे?"

"न्हाणीत. कितीदा सांगू? साबण होता." ताईने चादरीची सुरकुती तळहाताने मोडली. "ते जाऊ दे. आज कठड्याचं होतं ना? डॉक्टर म्हणतात, धरायला काही असेल तर दोन महिन्यांत खाली उतराल. मी म्हटलं, मग काळजी नाही, ते आमच्या धाकटीच्याच हातात आहे."

नगरसेविकेने पेल्यात पाणी ओतलं आणि पेला तसाच ठेवला.

"बोल की. काय झालं बैठकीत?"

"शाळेच्या रस्त्याला दिवे मंजूर झाले."



"बरं झालं," ताई म्हणाली. "पोरी अंधारातून येतात बिचाऱ्या." मग उशाखालून किल्ली काढून तिने पुढे केली. "जाताना दुकान उघड नि मशीनवर चादर टाक. उगाच धूळ बसायची."

नगरसेविका भिंतीला हात लावत खाली उतरली. दुकानात मशीनच्या सुईखाली अर्धं शिवलेलं झबलं तसंच अडकलेलं होतं. ते न काढता तिने वरून चादर टाकली, चारी बाजूंनी नीट खोचली. मग ताईच्या स्टुलावर बसून अध्यक्षांना फोन लावला.

घंटी वाजत राहिली. कुणी उचलला नाही.

समितीची पुढची बैठक अजून ठरलेली नाही.