चौथ्या बाकावरची धूळ

चर्चच्या भिंतीला लागूनच दगड कापण्याचा कारखाना होता. खिडक्या कितीही घट्ट लावा, बाकांवर पांढरी धूळ बसायचीच. म्हातारे पाळक ती उपासनेआधी कुणाला पुसू देत नसत. उपासना संपून मंडळी घरी गेली, की बाह्या सरसावून, गुडघे टेकून ते एकेक बाक स्वतः पुसायचे. लोक कपडे झटकत निघायचे आणि वाटेत त्यांच्या तऱ्हेवाईकपणाला नावं ठेवायचे. आधी पुसलं तर हात झिजतील का, असं एकीने तोंडावर विचारलं, तरी ते नुसते हसले.

खरी गोष्ट अशी होती, की दोनशे डोक्यांत कोण नाही हे त्यांच्या अधू डोळ्यांना व्यासपीठावरून दिसत नसे. पण प्रत्येकाची जागा ठरलेली. जो आला, त्याच्या कपड्यांनी त्याच्या जागेची धूळ निघायची. जिथे फडकं पांढरं झालं, तिथला माणूस आला नव्हता. मग सोमवारी सकाळी म्हातारे त्याच्या दारात हजर. आपली मोजदाद होते असं कुणाला वाटू नये, म्हणून ते याची वाच्यता करत नसत. ज्यांच्या दारात ते गेले होते, त्यांनाच काय ते ठाऊक.

पुढे ते पडले, कंबरेचं हाड मोडलं आणि नवा पाळक आला. शिकलेला, उत्साही, मनाने चांगला. म्हाताऱ्यांनी अंथरुणातूनच फडकं त्याच्या हातात ठेवलं.

"बाकं तू स्वतः पूस. उपासनेनंतरच."

पुसायला लागला की आपोआप कळेल, असं त्यांनी गृहीत धरलं. नव्या पाळकाने मान डोलावली खरी, पण मनात त्याला हसू आलं. संदेश तयार करायचा, आजाऱ्यांना भेटायचं, की फडकी मारत बसायचं? त्याने दोन सफाईवाल्या लावल्या. रविवारी सकाळीच बाकं लखलखू लागली. मंडळी खूश, तोही खूश. म्हाताऱ्यांना उगाच वाईट वाटायला नको, म्हणून त्याने हे त्यांच्या कानावर घातलं नाही.

दर रविवारी संध्याकाळी तो त्यांच्याकडे जाई. चौथ्या बाकावर भिंतीकडे धूळ होती का, एवढंच ते विचारत. ती जागा टाचणीबाईची. तोंडात कायम टाचण्या धरून शिवणारी ही एकटी विधवा गेल्या थंडीपासून खोकत होती. नव्याला हे कुठलं माहीत? धुळीचा कणही नाही बाबा, असं तो अभिमानाने सांगे. म्हातारे समाधानाने डोळे मिटत.

पाच रविवार असे गेले. सहाव्या आठवड्यात टाचणीबाई गेली.

दफन उरकल्यावर तिच्या खालच्या मजल्यावरचा इस्त्रीवाला नव्या पाळकाजवळ आला. चर्चमध्ये कळवू का, असं त्याने तिला दोनदा विचारलं होतं.

"नको म्हणाली. पाळक बाक पुसतील तेव्हा त्यांना कळेलच, म्हणाली. दर सोमवारी खुर्ची दाराशी ओढून बसायची हो."

बाक पुसण्याचा आणि कळण्याचा काय संबंध, हे तिच्याकडून ऐकलेल्या इस्त्रीवाल्यानेच त्याला सांगितलं. नवा पाळक तसाच म्हाताऱ्यांकडे गेला आणि त्याने सफाईवाल्यांपासून सगळं सांगून टाकलं. दोन शब्द सुनावतील, अशी त्याला आशा होती. म्हाताऱ्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

"पाच आठवडे मी तिच्यासाठी प्रार्थना केली नाही," ते म्हणाले. "येते आहे, म्हणजे बरी असेल, असं वाटलं. मी तुला कारण सांगायला हवं होतं, पोरा."

पुढच्या रविवारी त्याने सफाईवाल्यांना बाकांना हात लावू दिला नाही. नवे कपडे मळले म्हणून कुरकुर झाली, ती त्याने ऐकून घेतली. सगळे गेल्यावर त्याने बाह्या सरसावल्या आणि गुडघे टेकले. तीन जागी फडक्याला धूळ लागली. त्या कुणाच्या जागा, हे त्याने दार लावायला मागे थांबलेल्या एका वृद्ध सभासदाला विचारून घेतलं.

चौथं बाक त्याने शेवटी ठेवलं होतं. भिंतीकडच्या जागेवरून हात फिरवला आणि फडकं पांढरं झालं. इथे कोण बसायचं, हे त्याला आता कुणाला विचारावं लागलं नाही. बाकावर डोकं टेकून तो रडला. उद्या सोमवार होता, आणि या एका जागेसाठी त्याला कुठेच जायचं नव्हतं.