न मुरगळलेला पाय

दर गुरुवारी सकाळी दुकान जरा निवांत झालं की कॉलेजचे कोच वीक्स दाढीला येत, आणि ते आले की खिडकीजवळची पहिली खुर्ची त्यांची. त्या गुरुवारीही एझ्रा पेटिफोर्डने गरम टॉवेल पिळून त्यांच्या तोंडावर ठेवला, चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा चार वेळा फिरवला आणि हवापाण्याचं काहीबाही बोलत ब्रशने फेस काढायला घेतला.

वेलफर्ड हे अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं लहानसं कॉलेजचं गाव. एझ्राचं दुकान भर बाजारात, बँकेच्या समोर. तीन खुर्च्या, भिंतभर आरसे आणि गिऱ्हाईक सगळं वरच्या पायरीचं: जज, डॉक्टर, प्रोफेसर, झाडून सारे गोरे. एझ्रा काळा होता, त्याच्या हाताखालचे दोघे कारागीरही काळेच होते. पण काळ्या माणसाने त्या खुर्चीत बसायचं नाही, हा रिवाज. एक बसला असता तर दुसऱ्या दिवसापासून गोरं गिऱ्हाईक फिरकलं नसतं. त्यामुळे एझ्राच्या स्वतःच्या मुलाचे केस घरी, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर कापले जात. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. असले नियम कोणी लिहीत नाही, म्हणूनच ते खोडताही येत नाहीत.

"एझ्रा," टॉवेल निघताच कोच म्हणाले, "शनिवारी दक्षिणेतला संघ येतोय."

"ऐकलंय, साहेब."

"त्यांचा निरोप आलाय. काय ते तुला ठाऊक आहे. हॉलिसला मी सांगून पाहिलं, यंदा ऐकत नाही. तू बाप आहेस, तुझं ऐकेल."

कोच वीक्स तिशीतले, एझ्राने पन्नाशी ओलांडलेली. तरी कोच 'साहेब' आणि एझ्रा 'तू', यात दोघांनाही काही वावगं वाटत नव्हतं.

"काय सांगू त्याला?"

"नेहमीचंच. पाय मुरगळला म्हणायचं. एका शनिवारचा तर प्रश्न आहे. आणि हे बघ, हिवाळ्यात बास्केटबॉलची कप्तानी मी त्यालाच द्यायचं म्हणतोय. आजवर तुमच्यातल्या कोणाला मिळाली नाही. मुलाच्या हट्टापायी ती घालवू नकोस."

"बोलतो, साहेब," एझ्रा म्हणाला आणि त्याने वस्तरा टेकवला.

हॉलिस पेटिफोर्ड कॉलेजात आला त्या पहिल्याच शरद ऋतूत फुटबॉलच्या संघात गेला. तिथला फुटबॉल म्हणजे चेंडू काखेत मारायचा आणि समोरची माणसं चुकवत, पाडत पलीकडची रेघ गाठायची. हॉलिस धावत सुटला की त्याला धरणं अवघड, असं सारं गाव म्हणे. परगावी सामना असला की मात्र संघ हॉटेलच्या जेवणघरात जेवे आणि हॉलिस मागे भटारखान्यात. हिवाळ्यात बास्केटबॉल सुरू झाला तेव्हा त्याला आधी घेतलंच नाही. मैदानात अंगभर जाड जर्सी असते. बंद हॉलमध्ये उघडे दंड उघड्या दंडांना घासतात, आणि ते कसं चालेल, असं म्हणणं पडलं. मैदानात त्याचा खांदा हवा होता, हॉलमध्ये त्याचा घाम नको होता. पुढच्या हिवाळ्यात संघ ओळीने हरला आणि मग त्या घामाचं कोणाला काही वाटेनासं झालं. गरज माणसाला किती उदार करते पाहा.

दक्षिणेकडच्या राज्यांतले संघ मात्र काळ्या खेळाडूसमोर उतरत नसत. ते आधी कळवत, आणि यजमान सभ्यपणे आपला काळा मुलगा बसवून ठेवत. पाहुण्यांची लाज राखायची आणि स्वतःचीही, म्हणून त्या मुलानेच म्हणायचं की मला दुखापत झाली आहे. पहिल्या वर्षी हॉलिस हबकून बापाकडे आला होता. एझ्रानेच त्याला समजावलं: "एक शनिवार त्यांना दे. बाकीचे सगळे तुझे."

पण खोटं शनिवारपुरतं थांबत नाही. पाय मुरगळला म्हटल्यावर सोमवारी वर्गात लंगडत जावं लागलं, रविवारी चर्चमध्येही. चर्चमधली महाला गँट नावाची म्हातारी मालिशचं तेल घेऊन घरी आली आणि तिने त्याचा धडधाकट घोटा मांडीवर घेऊन रगडला. हॉलिसला कण्हावं लागलं. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. एका संध्याकाळी तो लंगडत घरात आला तेव्हा त्याची आई ल्युसिंडा म्हणाली, "अरे, काल डावा होता." तिघंही हसली. मग ल्युसिंडा कोठीच्या खोलीत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

या गुरुवारी जेवायला मक्याची भाकर आणि डुकराचं मांस घालून शिजवलेला घेवडा होता. एझ्राने ताट अर्धं होईपर्यंत विषय काढला नाही.

"कोच आले होते," तो शेवटी म्हणाला.

"मला वाटलंच," हॉलिस म्हणाला. "कुठला पाय म्हणाले?"

"थट्टा नको. कप्तानी द्यायची म्हणतायत. विचार कर जरा. तू कप्तान झालास तर तुझ्या मागून येणाऱ्या पोरांना दार उघडेल."

"कसलं दार, बाबा? मागून येणाऱ्यांना मी काय शिकवू? लंगडायचं कसं ते?"

"मी काय सुखाने सांगतोय? माझं दुकान कोणाच्या जिवावर चालतं? तुझी फी कुठून येते? मला नाही का गिळावं लागत रोज?"

"गिळता ना. म्हणून तर माझे केस इथे चुलीपाशी कापता." हॉलिसचा आवाज चढला नव्हता. "मी तुम्हाला दोष देत नाही. पण मला आता गिळवत नाही. मी कोचना सांगितलंय, नाही खेळवायचं तर नका खेळवू. मी जर्सी घालून बाकावर बसेन, दोन्ही पाय धड ठेवून. कोणी विचारलं का बसलास, तर का ते सांगेन. मी खोटं बोलणार नाही, एवढंच."

"ल्युसिंडा, तू तरी समजाव याला."

ल्युसिंडाने भाकरीचा तुकडा मोडून मुलाच्या ताटात ठेवला. "दोनदा तुम्ही समजावलंत, मी गप्प बसले," ती नवऱ्याला म्हणाली. "तुम्ही दुकानात असता. लंगडताना त्याला बघत मी घरात असते. आता मी समजावणार नाही."

एझ्राला त्या रात्री मुलाचा राग आला, बायकोचा आला आणि त्या दोघांत आपण एकटे पडलो याचंही वाईट वाटलं. मुलगा बरोबर बोलतोय हे त्याला कळत होतं. त्याचाच राग जास्त होता.

शनिवार उजाडला. सामन्याच्या दिवशी दुकानात मुंगीला शिरायला जागा नसे, म्हणून तीन वर्षांत एझ्राने मुलाला एकदाही खेळताना पाहिलं नव्हतं. मुलाची धाव त्याला गिऱ्हाइकांच्या तोंडून कळे. त्या दिवशी जज क्रोवेल खुर्चीत होते, उजवा गाल झाला होता, डाव्यावर फेस होता. वस्तरा पुसायला एझ्रा वळला तेवढ्यात त्यांनी मांडीवरचा पेपर उचलला.

"काय रे एझ्रा, पोराचा पाय पुन्हा?"

"काय म्हणालात, साहेब?"

"हे काय, छापलंय. 'पेटिफोर्डचा घोटा पुन्हा दुखावला, आज खेळणार नाही.' दर वर्षी याच सुमाराला कसा दुखावतो रे? पोराला दूध पाज जरा."

बाकावर बसलेल्यांत खसखस पिकली. काहींना खरं काय ते ठाऊक होतं, काहींना नव्हतं. हसण्यात फरक नव्हता. एझ्राच्या लक्षात आलं, मुलाने नाही म्हटलं तरी त्याचा पाय परस्पर मोडून छापून टाकला होता. म्हणजे हॉलिसच्या हो-नाहीला कधी काही किंमतच नव्हती. आणि तो 'हो' त्याच्याकडून काढून द्यायला दोन वर्षं आपण राबलो.

"पाय ठीक आहे, जजसाहेब," तो म्हणाला.

"पण पेपरात तर—"

"पेपराने पाय पाहिलेला नाही. मी पाहिलाय. सकाळी त्याच पायांवर उभ्या उभ्या त्याने तीन अंडी खाल्ली." एझ्राने हनुवटी दोन बोटांनी वर केली आणि वस्तरा लावला. "तुमच्या पाहुण्यांना काळ्या पोराशी खेळायचं नाही, म्हणून त्याचा पाय मोडायचा. गेल्या साली धड होता, त्याच्या आदल्या सालीही होता. लंगड म्हणून सांगणारा मी. चूक माझी."

मागच्या खुर्चीवरची कात्री थांबली. गळ्यावर वस्तरा असलेल्या माणसाला मान हलवता येत नाही, उठून जाता येत नाही. जजसाहेबांना ऐकून घेणं भाग होतं. वस्तरा उचलल्यावर ते हळूच म्हणाले, "एझ्रा, असले विषय दुकानात नकोत."

"बरं, साहेब. मान जरा उजवीकडे करा."

त्याने दाढी पुरी केली, नेहमीसारखीच नीट केली. मग अंगावरचा पांढरा कोट काढून खुंटीला लावला आणि टोपी घेतली.

"मालक, चाललात कुठे?" दुसऱ्या खुर्चीवरचा सायलस म्हणाला. "बाकावर माणसं बसलीत. शनिवार आहे."

"हातातली दोन डोकी उरक आणि कुलूप लाव," एझ्रा म्हणाला.

मैदानाच्या एका कोपऱ्यात दोर बांधलेला होता, काळ्यांनी उभं राहायची जागा तिथे. एझ्रा पोचला तेव्हा महाला गँट शालीत गुरफटून आधीच उभी होती. दोन्ही संघ मैदानात उतरले होते. हॉलिस त्यांत नव्हता. बाकावरही नव्हता. कोचनी जर्सी दिलीच नव्हती, हे नंतर कळलं.

मग तो दिसला. अंगात रविवारचा कोट, पायात चर्चला जायचे बूट. तो बाकापाशी गेला, टोपी काढून बाकावर ठेवली, कोट काढून घडी करून तिच्यावर ठेवला, आणि मैदानाच्या कडेकडेने धावायला लागला.

आधी लोक हसले. कोणीतरी ओरडलं, "अरे, घोटा सांभाळ." हॉलिस प्रेक्षकांच्या मुख्य सज्जासमोरून गेला तसा हशा विरत गेला, कारण तो सकाळी पेपर वाचून आलेल्या प्रत्येकाच्या नाकासमोरून जात होता आणि त्याच्या धावण्यात कुठे काही खोट नव्हती. दक्षिणेतली मुलं चेंडू हातात धरून बघत राहिली. तो दुसऱ्या फेरीला लागला तेव्हा त्याने वेग वाढवला. बुटांचा आवाज तेवढा ऐकू येत होता. एझ्राने आपला मुलगा धावताना पहिल्यांदा पाहिला. लोक सांगत त्याहून तो चांगला धावत होता, आणि हे आपण पाहिलंच नव्हतं, या विचाराने त्याला रडू आलं.

"हाच का तो घोटा?" महाला गँट म्हणाली. "मी तेल चोळला तो?"

"हाच, बहिणी."

"ठाऊक होतं तुला?"

"होतं."

"मग तोंड शिवून का बसलास रे इतके दिवस?"

एझ्राने टोपी काढून हातात घेतली.

फेरी संपवून हॉलिस दोरापाशी येऊन थांबला, तोवर कोच वीक्स तरातरा आले. चेहरा लाल झाला होता. "काय चालवलंयस हे?"

"पेपरात वाचलं सर, पाय दुखावलाय म्हणून," हॉलिस धापा टाकत म्हणाला. "खात्री करून घेत होतो."

"सोमवारी सगळं सामान आणून दे. बास्केटबॉलचंही."

"देतो, सर."

कोच गेले. हॉलिसचं लक्ष तेव्हा बापाकडे गेलं. "बाबा? आणि दुकान?"

"बंद केलं," एझ्रा म्हणाला. दोराखालून हात घालून त्याने मुलाचा हात धरला, आणि सामना सुरू झाला तरी सोडला नाही.

रविवारच्या पेपरात सामन्याची हकीकत सविस्तर आली. तिच्यात एक वाक्य होतं: घोट्याच्या दुखापतीमुळे पेटिफोर्ड खेळू शकला नाही. सज्जात बसलेल्या हजारो लोकांनी त्याला दोन फेऱ्या धावताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. ती माणसं दुष्ट नव्हती. त्यांत दानधर्म करणारे होते, मिशनला पैसे देणारे होते, मुलांना खरं बोलायला शिकवणारे मास्तर होते. सगळ्यांनी नाश्त्याला ते वाक्य वाचलं आणि पान उलटलं. पेपरवाल्यांना एकानेही विचारलं नाही.

सोमवारी एझ्राने दुकान उघडलं. निम्मं गिऱ्हाईक तुटलं, पण निम्मं आलं. वेलफर्डमध्ये त्याच्यासारखा हात दुसऱ्याचा नव्हता. जो खुर्चीत बसे त्याच्या गालाला फेस लागला की एझ्रा सुरुवात करी, हॉलिसच्या पहिल्या लंगडण्यापासून, आपण त्याला काय सांगितलं तिथपासून. दाढी हवी तर ऐकावं लागे. हॉलिसने पदवी घेतली आणि दूर एका शहरात काळ्या मुलांच्या शाळेत शिकवायला गेला. पुन्हा तो कुठल्या संघातून खेळला नाही.

वेलफर्डचे सभ्य लोक वर्षभर ती हकीकत ऐकत होते. ऐकून माना हलवत, वाईट झालं म्हणत, गुळगुळीत गालांवरून हात फिरवत बाहेर पडत. पुढच्या शरद ऋतूत दक्षिणेतला संघ पुन्हा येणार होता, आणि मागची नाचक्की पुन्हा नको म्हणून कॉलेजने सोपा मार्ग काढला. त्या वर्षी संघात काळा मुलगा घेतलाच नाही. कोणाचाही पाय मुरगळला नाही, पेपरात काही खोटं छापावं लागलं नाही, आणि सामना अगदी खेळीमेळीत पार पडला.